यादीतली वरची जागा

पावसाळा सरत आला की जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांत फळगळीची चिंता सुरू होते. आंबे बहाराची फळे तोडणीला येण्याआधीच देठातून सुटतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो. बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यातला शेतकरी अशा वेळी कृषी सहायकाला विचारतो, कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला विचारतो आणि अलीकडे बहुधा त्या दोघांच्याही आधी हातातल्या फोनला विचारतो. ‘मोसंबी फळगळ उपाय’ एवढे तीन शब्द टाकले की दुव्यांची यादी उघडते. फोनच्या पडद्यावर त्यातले दोन-तीनच मावतात. बाकीचे खाली, अंगठ्याने थोडेसे सरकवले तर दिसतील असे. हे अंतर इतके क्षुल्लक आहे, की त्याने कोणाचे काही बिघडेल किंवा फळफळेल असे वाटू नये. तरीही वेबसाइटकडे माणसे येतात की नाही हे ठरवणाऱ्या कारणांत या अंतराइतके जबर कारण सापडणे कठीण. यादीतला क्रमांक हे गुणवत्तेचे फळ असते, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे उलट्या बाजूने सुरू होते: क्रमांक वाचक आणतो, वाचक क्रमांक टिकवतात, आणि ज्या भाषेत मुळात मजकूर थोडा आहे तिथे हे चक्र सैल होण्याऐवजी अधिक घट्ट बसते.

याचा पुरावा बराच काळ कंपन्यांच्या कुलपात होता, कारण लोक काय शोधतात आणि त्यातल्या कशावर क्लिक करतात याच्या नोंदी शोधयंत्र चालवणाऱ्यांपाशीच असतात. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून साडेसहा लाखांवर वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर करून टाकले. नावे काढून आकडे घातले होते, तरी शोधांवरून माणसे ओळखू आली. गदारोळ झाला, कंपनीने फाइल मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पोचल्या होत्या. एओएलचे निकाल त्या काळी गूगलकडूनच येत, म्हणून या नोंदींचे मोल मोठे. दर १०० क्लिकांमागे सुमारे ४२ पहिल्या दुव्याला मिळाले होते, १२ दुसऱ्याला, ८ तिसऱ्याला. पुढे उतार मंदावतो. दहाव्याला तीनच्या आसपास पडतात, आणि गंमत म्हणजे नवव्यापेक्षा किंचित जास्त, कारण पानाच्या तळाशी पोचलेली नजर तिथे जरा टेकते. अकरावा, म्हणजे दुसऱ्या पानावरचा पहिला दुवा, शंभरातला एक क्लिकही पुरता मिळवू शकला नाही. अकरा वर्षांनी, २७ जून २०१७ रोजी, युरोपीय आयोगाने खरेदीविषयक शोधांत स्वतःची सेवा वर ठेवल्याबद्दल गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. त्या वेळी आयोगाने मांडलेले आकडे याच वळणाचे होते: पहिल्या पानावरच्या दहा दुव्यांना मिळून सुमारे ९५ टक्के क्लिक, त्यातले ३५ टक्के एकट्या पहिल्याला, दुसऱ्या पानाच्या आरंभाला जेमतेम एक टक्का. फोनच्या छोट्या पडद्यावर हा कल आणखी तीव्र होतो, असेही आयोगाने नोंदवले.

या सरासऱ्या मात्र जपून वापरायला हव्यात. शोध एकाच जातीचे नसतात. आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये त्यांचे तीन प्रकार सांगितले: ठरावीक ठिकाणी जाण्यासाठी केलेला शोध, माहितीसाठी केलेला आणि काही व्यवहार उरकण्यासाठी केलेला. ‘परभणी कृषी विद्यापीठ’ असे टाकणाऱ्याला कुठे जायचे ते आधीच ठाऊक असते. तिथे पहिल्या दुव्याला जवळजवळ सगळे क्लिक मिळाले तर त्यात क्रमांकाची करामत कसली? ‘फळगळ उपाय’ शोधणारा दोन-तीन पाने उघडून पाहतो. दोन्ही प्रकार एकत्र करून काढलेले ४२ किंवा ३५ टक्के कोणत्याच एका शोधाला तंतोतंत लागू पडत नाहीत. वेबसाइट पहिल्या क्रमांकावर आणून देतो, म्हणजे गिऱ्हाईक अमुक पट वाढेल, असे सांगणारे सल्लागार हीच सरासरी पुढे करतात. उताराची दिशा खरी आहे. त्याची अचूक मापे कोणी छातीठोकपणे विकत असेल तर सावध राहावे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पहिल्यावर लोक जास्त क्लिक करतात, कारण तो खरोखरच सर्वांत उपयोगी असतो. शोधयंत्राचे कामच ते आहे. मग क्रमांकाने वाचक आणले असे म्हणण्यात अर्थ काय? आक्षेप रास्त आहे, आणि नुसते क्लिक मोजून त्याचे उत्तर देता येत नाही. क्रम मुद्दाम बिघडवूनच ते मिळते. कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन जोआकिम्स आणि सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. विद्यार्थ्यांना गूगलवर उत्तरे शोधायला सांगितली, त्यांच्या बुबुळांची हालचाल यंत्राने टिपली, आणि काही जणांना पहिला व दुसरा दुवा गुपचूप अदलाबदल करून दाखवला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मुळातला दुसरा दुवा वर ठेवल्यावर क्लिक त्यालाच जास्त मिळाले. मजकुराचा काहीच परिणाम होत नव्हता असे नाही. वरचा दुवा अगदीच विसंगत असला तर नजर खाली जास्त फिरली. पण लोकांनी यंत्राच्या क्रमावर टाकलेला विश्वास त्यांच्या स्वतःच्या पारखीपेक्षा बऱ्याचदा भारी ठरला. युरोपीय आयोगानेही हाच मुद्दा उचलला होता: पहिला दुवा तिसऱ्या जागी सरकवला की त्याचे क्लिक सुमारे निम्मे होतात. पान तेच, शब्द तेच, लेखक तोच. दोन जागा खाली गेल्याने अर्धे वाचक नाहीसे.

भारतातलाही एक प्रयोग इथे आठवतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी मत न ठरलेल्या २,१५० भारतीय मतदारांना एका बनावट शोधयंत्रावर उमेदवारांची माहिती शोधू दिली. नरेंद्र मोदी, राहुल गांधी आणि अरविंद केजरीवाल यांच्याविषयीची तीच पाने सर्वांना मिळाली; फक्त कोणाची बाजू घेणारी पाने वर, हे गटागणिक बदलले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी निष्कर्ष काढला, की असा झुकवलेला क्रम न ठरलेल्या मतांपैकी २० टक्के किंवा अधिक मते हलवू शकतो, आणि बहुतेकांना आपल्यासमोरची यादी झुकवलेली आहे याचा पत्ताही लागत नाही. प्रयोगातला थोडा वेळ आणि प्रत्यक्ष निवडणुकीचे दोन महिने यांत फार फरक आहे. गावात मत ठरवणाऱ्या गोष्टी फोनबाहेर पुष्कळ असतात. म्हणून २० टक्के हा आकडा मी निवडणुकीच्या निकालाला चिकटवणार नाही. आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरे, की क्रमाचा परिणाम क्लिकपाशी थांबत नाही, तो मतापर्यंत जातो.

जालन्याच्या मोंढ्यात तोंडाशी असलेल्या आडतीला आतल्या बोळातल्या आडतीपेक्षा जास्त माल येतो, हे कोणाला सांगावे लागत नाही. तिथपर्यंत मोंढा आणि शोधाची यादी यांत साम्य आहे. पण मोंढ्यातली दुकाने गिऱ्हाइकांच्या पावलांनी जागा बदलत नाहीत. यादीतले दुवे बदलतात. २०२३ मध्ये अमेरिकेत गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीतून ‘नॅवबूस्ट’ नावाच्या यंत्रणेची माहिती बाहेर आली. लोक कोणत्या शोधाला कोणत्या दुव्यावर क्लिक करतात याची मागच्या तेरा महिन्यांची स्मृती ती ठेवते आणि क्रम लावताना ती वापरली जाते. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात गूगलला मक्तेदार ठरवले, त्यामागे हाही विचार होता: ज्याच्याकडे सर्वांत जास्त शोध येतात त्याच्याकडे सर्वांत जास्त क्लिकांचा साठा जमतो, त्यामुळे त्याचे निकाल सुधारतात, आणि शोधणारे आणखी त्याच्याकडेच येतात. कंपन्यांमधल्या स्पर्धेबद्दलचा हा तर्क एकेका पानालाही लागू होतो. वर असलेल्याला क्लिक मिळतात, मिळालेले क्लिक त्याच्या बाजूने साक्ष देतात. वाचक समाधानाने थांबला की लगेच मागे फिरला हेही यंत्र पाहते, त्यामुळे टाकाऊ पान कायम वर राहत नाही. पण साधारण चांगले पान आणि त्याहून चांगले पान यांच्यात निवड करायची, तर दुसऱ्याला आधी कोणीतरी पाहायला हवे ना?

तेरा महिन्यांचा हा हिशेब मोसंबीवाल्याला वेगळा दिसेल. तेवढ्या काळात एक आंबे बहार आणि एक मृग बहार बसतो. फळगळीचा प्रश्न वर्षातून काही आठवडेच विचारला जातो, तोही मराठीत, तोही मोजक्या जिल्ह्यांतून. इंग्रजीत ज्या शोधाला रोज लाखो क्लिक पडतात तिथे चुकीचा क्रम लवकर उघडा पडतो. जिथे अख्ख्या हंगामात थोडेच क्लिक जमतात तिथे यंत्रापाशी क्रम दुरुस्त करायला पुरावाच अपुरा असतो. म्हणून मला वाटते, की लहान भाषिक क्षेत्रात पहिल्यांदा वर बसलेले पान अधिक काळ टिकून राहते. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ चा प्रसिद्ध प्रयोग याला दुजोरा देतो. त्यांनी चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांनी किती वेळा गाणे उतरवून घेतले ते दाखवले, काहींना नाही. ज्या आठ स्वतंत्र गटांत आकडे दिसत होते, तिथे प्रत्येक गटात वेगळीच गाणी लोकप्रिय झाली. उत्तम गाणे सहसा अगदी तळाला गेले नाही, सुमार गाणे सहसा शिखरावर चढले नाही. मधल्या सगळ्यांचे नशीब मात्र सुरुवातीच्या थोड्या श्रोत्यांनी ठरवले.

याविरुद्ध संशोधकांमधूनच एक आक्षेप आला, आणि तो मी हलका मानत नाही. सान्तो फॉर्तुनातो, फिलिप्पो मेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की शोधयंत्रांमुळे बडी संकेतस्थळे आणखी बडी होतात ही भीती आकड्यांत तितकीशी उतरत नाही. उलट छोट्या पानांना अपेक्षेपेक्षा जास्त वाचक मिळतात. कारण साधे आहे. सगळे लोक एकच यादी पाहत नाहीत. प्रश्न जितके तऱ्हेतऱ्हेचे तितक्या याद्या, आणि प्रत्येक यादीला वेगळा पहिला क्रमांक. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच केलेले नसतात, असे गूगल वर्षानुवर्षे सांगत आले आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या बीडीएन ७११ या तुरीच्या वाणाबद्दल कोणी नेमका प्रश्न विचारला, तर दिल्ली-मुंबईच्या बड्या साइट्स आपोआप मागे पडतात आणि त्या वाणावर लिहिलेले साधेसे पान वर येते. हे सगळे मान्य. पण या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे: नेमक्या प्रश्नाला उत्तर देणारे पान कुठेतरी आहे, आणि यंत्राला ते वाचता येते.

मराठीत दोन्ही गोष्टी धरून चालता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. वेबवरच्या मजकुरात मराठीचा वाटा एका टक्क्याच्याही कितीतरी खाली आहे. जो मजकूर आहे त्यातलाही मोठा भाग यंत्राच्या लेखी कोरा. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई श्रीलिपीसारख्या फॉन्टांत होत असे. डोळ्यांना ‘मोसंबी’ दिसे, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असे. विद्यापीठांच्या पुस्तिका, घडीपत्रिका, कृषी मासिकांचे जुने अंक, शासकीय परिपत्रके यांतले कितीतरी याच रूपात किंवा कागदाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पडून आहे. फळगळीवर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाने लिहिलेली टिपणे अशा फाइलीत असतील, तर ती पन्नासाव्या क्रमांकावरही येणार नाहीत. त्यांना क्रमांकच नाही. दुसरीकडे टॉनिक विकणारा व्यापारी आपले पान युनिकोडमध्ये, फोनवर चटकन उघडेल असे बनवतो, मथळ्यात शेतकरी जे शब्द टाकतो तेच घालतो, आणि तीन परिच्छेदांनंतर ‘खरेदी करा’ची कळ ठेवतो. तो फसवत असेलच असे नाही. त्याच्यासमोर स्पर्धक उभाच राहिलेला नाही, एवढेच. मराठीची जडणघडणही यात भर घालते. ‘जालना’चे ‘जालन्यात’, ‘जालन्याचे’, ‘जालन्याहून’ होते. माणसाला हे एकच गाव वाटते, यंत्राला ते शिकवावे लागते, आणि ज्या भाषेत शिकवायला मजकूर कमी तिथे शिकणेही कच्चे राहते.

रिकाम्या जागेत पहिला येण्याचे मोल काय असते हे अंबड तालुक्यातल्या एका गावाने दाखवले. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटी इथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि काही तासांत हे नाव महाराष्ट्रभर शोधले जाऊ लागले. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत वेबवर या गावाबद्दल फारसे काही नव्हते. वृत्तपत्रांत त्याचे लेखनसुद्धा एकसारखे नव्हते, कुठे ‘अंतरवाली’, कुठे ‘आंतरवाली’. अशा स्थितीला मायकल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ मध्ये माहितीची पोकळी म्हटले. शोध अचानक वाढतात, उत्तरे नसतात, आणि जो कोणी आधी लिहील तो वर बसतो, मग त्याने घटनास्थळी जाऊन लिहिलेले असो की ऐकीव गोष्टी जोडून. चांगली बातमीदारी काही तासांनी किंवा दिवसांनी पोचते, पण गर्दीचा लोंढा बहुतेकदा त्याआधीच ओसरलेला असतो.

यावर जालन्यातला एखादा व्यापारी म्हणेल, की हे सगळे शहरी लोकांचे खेळ. इथला धंदा गूगलवर चालत नाही. त्याचे बरेचसे खरे आहे. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलांची सळई दलालांच्या फोनवर विकली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिकोची स्थापना केली तेव्हापासून वाढत गेलेला बियाण्यांचा व्यवसाय विक्रेत्यांच्या साखळीवर उभा आहे. मोसंबीचे आणि रेशीम कोषांचे भाव व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतात. पण या वाटा ओळखीच्या माणसांच्या आहेत. पहिल्यांदा घर बांधणाऱ्याला दलाल माहीत नसतो. तो ‘आजचा सळईचा भाव’ शोधतो किंवा नकाशावर जवळचे दुकान पाहतो. त्या नकाशाखाली गूगल पूर्वी सात दुकाने दाखवी; ऑगस्ट २०१५ पासून तीनच दाखवते. चौथ्या दुकानाच्या मालात किंवा भावात त्या दिवशी काहीच बदलले नव्हते. आणि अनोळखी माणसाची ही गरज ठगांनाही नीट कळलेली आहे. बँकांच्या आणि कंपन्यांच्या ग्राहक सेवेचे खोटे क्रमांक शोधात वर आणून लोकांना लुबाडण्याचे गुन्हे देशभर घडले आहेत. या ठगांनी संगणकाची मोठी विद्या वापरलेली नसते; वरच्या दुव्यावर माणूस विश्वास ठेवतो, एवढे एकच ज्ञान त्यांना पुरते.

राहिला सर्वांत ताजा आक्षेप: आता याद्यांचे दिवस संपले, यंत्र स्वतःच उत्तर लिहून देते, मग क्रमांकाची चर्चा कशाला? मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच ऑगस्टमध्ये भारतात गूगलने यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये सुमारे नऊशे अमेरिकी प्रौढांचे शोध तपासले. सारांश नसेल तेव्हा १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या दुव्यावर क्लिक केले, सारांश असेल तेव्हा ८ टक्के वेळा. सारांशात दिलेल्या दुव्यावर गेलेले एक टक्का. म्हणजे वरची जागा नाहीशी झालेली नाही. ती आता यंत्राच्या स्वतःच्या परिच्छेदाने घेतली आहे, आणि खालच्या दहांच्या वाट्याला येणारे क्लिक आणखी आटले आहेत. जाहिरातींवर किंवा विक्रीवर जगणाऱ्या पानांना हा मोठा फटका आहे, आणि जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या छोट्या मराठी संकेतस्थळांना तर तो झेपणेही अवघड. कृषी विद्यापीठाचे पोट मात्र वाचकसंख्येवर चालत नाही. फळगळीवरचा त्याचा सल्ला सारांशात उतरला आणि त्याच्या पानावर कोणीच आले नाही, तरी त्याचे काम झाले. टॉनिकवाल्याचे झाले नाही. या एका बाबतीत नवी व्यवस्था सार्वजनिक संस्थांना जुन्या व्यवस्थेपेक्षा सोयीची ठरू शकते. फक्त सारांश लिहिणारे यंत्रही वाचता येणाऱ्या मजकुरातूनच उचलते, आणि श्रीलिपीतली पीडीएफ त्यालाही तितकीच बंद आहे.